विमानात स्वतःची स्कूटर न्यायची का एअरलाइनची व्हीलचेअर घ्यायची?

आमच्या अण्णांना चार पावलं टाकता येतात, त्यापुढं बॅटरीवाली स्कूटर लागते, त्यामुळं सोलापुरातनं निघायचं म्हटलं की घरात हाच वाद.

व्हीलचेअर सोपी. किमान ४८ तास आधी सांगायचं, पैसे लागत नाहीत, माणूस येऊन चेक-इनपासून गेटपर्यंत नेतो. पण मधेच चहा प्यावा वाटला तर त्या माणसाच्या मर्जीवर, आणि ती खुर्ची एअरपोर्टच्या दारापर्यंतच, पुढं गावात काय करणार?

स्कूटरचा सगळा घोळ बॅटरीत. लिथियमवाली काढता येणारी असेल तर काढून केबिनमध्ये न्यायची, लिमिट ३०० वॉट-अवर, टोकांना टेप लावायची. आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, म्हणजे २४ व्होल्ट १० अँपिअर-अवरची २४० भरते, चालते, पण तीच २० ची असली तर ४८० होते, मग बसा बोंबलत. एअरलाइनची परवानगी आधीच घ्या, वजन-मापं पण सांगा, कारण होटगी रोडवरनं, म्हणजे सोलापूरच्या विमानतळावरनं, उडणारी विमानं छोटी, सामानाचं दारही लहान. आणि स्कूटर जाते खाली सामानात, म्हणजे सीटपर्यंत जायला मदत मागावी लागतेच!

मुंबईत दोन दिवसांचं लग्न असेल तर मी खुर्चीच घेईन. गोव्यात आठवडाभर हिंडायचंय तर स्कूटर, कितीही कटकट असू दे. ताब्यात देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि चावी खिशात ठेवा.