बर्फाविना गार वाइन: जेलच्या कूलर स्लीव्हचा वर्षभराचा अनुभव

एप्रिलमध्ये पुण्यातील आमच्या स्वयंपाकघराचे तापमान संध्याकाळी सातलाही ३० अंशांच्या आसपास असते आणि नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची खरी चव ८ ते १० अंशांना लागते. बर्फपाण्याची बादली हे काम उत्तम करते. परंतु घरातील ट्रेमधून बादलीभर बर्फ निघत नाही, शिवाय बाटली प्रत्येक वेळी निथळत बाहेर येऊन टेबलावरचे कापड भिजवते. म्हणून गेल्या वर्षी मी फ्रीझरमध्ये गोठवून बाटलीवर चढवायची जेलची स्लीव्ह विकत घेतली.

काही मिनिटांत वाइन गार होईल, असे तिच्या खोक्यावर लिहिले होते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीपुरते ते पटते. कपाटातल्या बाटलीला मात्र अर्धा तासही अपुरा पडला. याचे कारण गारव्याची कमतरता हे नाही. पाऊण लिटर द्रव ३० वरून १० अंशांवर आणण्यासाठी, तो पाण्यासारखाच आहे असे धरले तर, सुमारे ६३ किलोजूल उष्णता काढावी लागते आणि तेवढी उष्णता २०० ग्रॅमहून कमी बर्फ वितळताना शोषून घेतो. नीट गोठलेल्या स्लीव्हमध्ये एवढी क्षमता सहज असते. वेळ जातो तो स्लीव्ह आणि काच यांच्यामध्ये राहिलेल्या हवेमुळे, कारण हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. बर्फपाणी बाटलीला सर्व बाजूंनी चिकटून असते, म्हणूनच ते बाजी मारते.

हे लक्षात आल्यावर मी स्लीव्ह चढवण्यापूर्वी बाटली ओल्या फडक्याने पुसू लागलो. पाण्याचा पातळ थर मधली पोकळी भरून काढतो आणि फरक स्पष्ट जाणवतो; स्लीव्ह काढताना ती काचेला किंचित चिकटते, एवढेच. बाटली उघडण्यापूर्वी दोन-तीनदा सावकाश आडवी-उभी करावी, कारण गार वाइन तळाशी बसते आणि पहिला पेला कोमट येतो. फसफसणाऱ्या स्पार्कलिंग वाइनच्या बाबतीत मात्र हा प्रयोग करू नये. तिच्या रुंद बाटलीवर माझी स्लीव्ह तशीही पुरती उतरत नाही.

गारवा टिकवण्याच्या कामी मात्र ही वस्तू मला मनापासून आवडली. आधीच गार असलेली बाटली संपूर्ण जेवणभर, पाण्याचा थेंबही न सांडता, पिण्याजोगी राहते. उलट ती जास्त गार होऊन वाइनचा सुगंध दबू नये म्हणून मी अधूनमधून स्लीव्ह काढून ठेवतो. फ्रीझरमध्ये ती सपाट ठेवावी लागते. मटार आणि खवलेल्या नारळाच्या डब्यांखाली दुमडली गेली, तर जेल वेडेवाकडे गोठते आणि बाटलीला टेकतच नाही.

दुहेरी भिंतीचे स्टीलचे भांडे मी वापरून पाहिले आहे; ते गारवा केवळ राखते, निर्माण करत नाही. पाण्यात भिजवलेले मातीचे भांडे माठाप्रमाणेच बाष्पीभवनावर चालते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते बरी साथ देते, पण मुंबईच्या दमट हवेत जवळजवळ निरुपयोगी ठरते. मुंबईला बहिणीकडे जाताना मी स्लीव्हच नेतो आणि पोहोचताच ती तिच्या फ्रीझरमध्ये ठेवतो, म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत ती पुरती गोठलेली असते.