तापीकाठच्या गावाने समुद्रासाठी दाद कुठे मागावी: मंडळ, हरित न्यायाधिकरण की उच्च न्यायालय?

समुद्र वाचवायच्या कायद्यांचा विषय काढला की खान्देशात उत्तर ठरलेलं असतं: ‘समुद्रनं आपले काय करनं शे?’ नकाशा मात्र वेगळं सांगतो. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते आणि वाटेत जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे लागतात. पूर्णा चांगदेवला मिळते, पांझरा मुडावदला. गिरणा, वाघूर, बोरी, अनेर, गोमाई या शिवाय. गावचा नाला यांपैकी कुठेतरी जातोच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत महाराष्ट्राचे ५३, म्हणजे सगळ्यांत जास्त. तापी आणि गिरणा दोन्ही त्या यादीत आहेत.

तरी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. इथली सगळी घाण समुद्रापर्यंत पोचत नाही. मध्ये गुजरातेत तापीवर उकाई धरण आहे, गाळ आणि तरंगता कचरा बराचसा तिथे अडतो. पाण्यात विरघळलेलं नत्र, स्फुरद आणि रसायनं मात्र भिंतीपाशी थांबत नाहीत. म्हणून अर्जात ‘आमच्या नाल्यामुळे समुद्र मरतोय’ असं लिहू नका. समोरचा वकील पहिल्याच तारखेला उकाईचं नाव काढील.

खास समुद्रासाठी केलेले कायदे आपल्या कामाचे नाहीत, ते झटपट बाजूला ठेवू. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत चालते. नदीत तिची हद्द भरतीच्या खाऱ्या पाण्याबरोबर संपते, आणि तापीवर ती सुरतेच्या आसपासच संपते. सागरी मासेमारीचा राज्याचा १९८१ चा कायदा १२ सागरी मैलांपर्यंतच्या बोटींसाठी आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदा करार जमिनीवरून होणारं प्रदूषण रोखायला सांगतो, पण सांगतो तो सरकारांना. तुम्ही-आम्ही तो घेऊन तहसीलदारापुढे उभं राहू शकत नाही. प्लास्टिकवरचा जागतिक करार तर ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातही जुळला नाही.

उरतो तो १९७४ चा जलप्रदूषण कायदा. त्यातल्या ‘प्रवाहा’च्या व्याख्येत नदी, नाला आणि भूजल आहेच, शिवाय राज्य सरकार ठरवील त्या हद्दीपर्यंत समुद्र आणि भरतीचं पाणीही आहे. खान्देशातल्या माणसाला समुद्रासाठी काही करायचं असेल तर सुरुवात याच कायद्यापासून. पुढे दारं तीन.

पहिलं दार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. खर्च नाही, वकील नको, साधा अर्ज पुरतो. मंडळाचे अधिकार कागदावर तगडे आहेत: कलम ३३अ खाली कारखाना बंद करता येतो, वीज-पाणी तोडता येतं. पर्यावरणाच्या हानीची भरपाईही मंडळं वसूल करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण मंडळाकडे जायचं माझं खरं कारण वेगळं आहे, ते म्हणजे नमुना. नाल्यातलं काळं पाणी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून, फोटो काढून, खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन लोक येतात. हौस म्हणून ठीक, पण या कायद्याखालच्या कारवाईत तो पुरावा टिकत नाही. कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या माणसाने घ्यायचा, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, पाण्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून त्यावर सह्या घ्यायच्या. एवढं झालं नाही तर अहवाल कितीही भयानक असो, उपयोग नाही. म्हणून अर्जात ‘कारवाई करा’ एवढंच लिहू नका; अमुक नाल्यावर, अमुक ठिकाणी कलम २१ प्रमाणे नमुना घ्या, असं स्पष्ट मागा.

मंडळ कच्चं पडतं ते प्रदूषण करणारी नगरपालिका असते तेव्हा. नोटीस, स्मरणपत्र, ‘निधी उपलब्ध नाही’ असं उत्तर, पुन्हा नोटीस. हे कागदी घोडे वर्षानुवर्षं नाचतात.

दुसरं दार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या खास न्यायपीठाचं. आपल्यासाठी त्याचं पुण्याचं पश्चिम विभागीय पीठ. भरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये. वकिलाशिवायही उभं राहता येतं, सुनावणी दूरचित्र पद्धतीने होते. शहाद्याच्या माणसाला दर तारखेला पुण्याची गाडी पकडावी लागत नाही. पण सगळ्यांत मोठी गोष्ट हद्दीची. या पीठाखाली महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही येतात. आपलं मंडळ नवापूरच्या पुढे हात टाकू शकत नाही, आपलं उच्च न्यायालयही सहसा नाही. तापी भुसावळपासून सुरतच्या मुखापर्यंत एकाच न्यायपीठापुढे मांडता येते ती इथेच. (उगमाकडचा मध्य प्रदेश भोपाळ पीठाकडे, तो सोडून द्या.)

नगरपालिकेविरुद्धही न्यायाधिकरणाचा हात जड आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया न करणाऱ्या स्थानिक संस्थांनी प्रत्येक नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरावेत, असा आदेश त्याने २०१९ मध्ये दिला होता. मच्छीमारांच्या बाजूने बघायचं तर उरणच्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायचा २०१५ चा निकाल याच पुणे पीठाचा.

खोट मुदतीत आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत, फार तर आणखी ६० दिवसांत करावा लागतो. लोक मंडळाच्या उत्तराची वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते. भरपाई किंवा पर्यावरण पूर्ववत करून मागायचं तर कलम १५, तिथे पाच वर्षं मिळतात. म्हणून मंडळाकडे अर्ज टाकला की जास्तीत जास्त दोन-अडीच महिने थांबायचं, पुढे घोंगडं भिजत ठेवायचं नाही. आणि सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की पुण्याचं काम रेंगाळतं, हेही गृहीत धरा.

तिसरं दार उच्च न्यायालयाचं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाखाली येतात. मात्र मालेगाव नाशिक जिल्ह्यात, म्हणजे मुंबईकडे. मालेगावची घाण गिरणेतून खाली येते ही तुमची तक्रार असेल तर इथेच गुंता सुरू होतो. जनहित याचिकेला वकील लागतो, तयारी लागते, आणि अर्जदाराची पार्श्वभूमी बारकाईने तपासली जाते. गावात राजकारण करणाऱ्याने सांभाळूनच जावं. पण जिथे धोरणच चुकलंय तिथे या दाराला तोड नाही. कांदळवनं तोडण्यावर राज्यभर बंदी आली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आणि २०१८ च्या अंतिम आदेशामुळे. याचिका मात्र २००४ ची होती, हे विसरू नका. हरित न्यायाधिकरण असलं म्हणून उच्च न्यायालयाचे अधिकार जात नाहीत, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, त्यामुळे ‘आधी पुण्याला जा’ म्हणून कोणी परतवलं तर त्यावर बोलता येतं.

प्लास्टिकसाठी कुठलंच न्यायालय लागत नाही. राज्याच्या २०१८ च्या बंदीत पहिला दंड ५,००० रुपये, दुसरा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. नगरपालिकेकडे माहिती अधिकारात गेल्या वर्षीच्या दंडाच्या पावत्यांची संख्या मागा. बहुतेकदा त्या एका कागदानेच काम हलतं.

केळीच्या शेतातलं काय? रावेर-यावलच्या ठिबकमधून जाणारं खत पावसात वाहून नदीत उतरतं, ते या तिन्ही दारांच्या बाहेर राहतं. कायद्याला बोट ठेवायला नळ किंवा नाल्याचं तोंड लागतं. शेताला ते नसतं. घडांना घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या (स्कर्टिंग बॅगा) नदीकाठी पडल्या तर कचऱ्याचे नियम लागू होतात, खताला नाही. तिथे कृषी विभागाच्या मागे लागणं एवढंच हातात आहे, आणि तो मार्ग मला तरी आशेचा वाटत नाही.

तर निवड अशी. एकच कारखाना आणि मंडळाने त्याला दिलेल्या संमतीपत्राच्या अटींचा उघड भंग असेल तर मंडळ. ते हललं नाही तर जलप्रदूषण कायद्याच्या कलम ४९ ची ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः फौजदारी तक्रार करता येते, आणि मंडळाला त्याचे अहवाल तुम्हाला मागितल्यावर द्यावे लागतात. नगरपालिकेचा नाला असेल तर नमुन्याचा कागद हाती घेऊन थेट पुणे. सरकारने एखादी योजनाच नदीच्या मुळावर आणली असेल तर संभाजीनगर. पुण्याला गेलात तर गुजरातच्या मंडळाला प्रतिवादी करायचा मोह होईल. सुरतच्या मुखाजवळच्या पाण्याचे सरकारी आकडे हाती असतील तरच करा. नाहीतर दोन राज्यांच्या नोटिसा बजावण्यातच पहिल्या काही तारखा जातील.