टायमिंग चेन: आवाज येईपर्यंत थांबायचं की आधीच किट टाकायचं?

डिझेल गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली की टायमिंग चेनबद्दल (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारी इंजिनातली साखळी) नाशकात दोन सल्ले हमखास मिळतात. एक मिस्त्री म्हणतो, "साहेब, आवाज नाही ना? मग हात लावू नका." दुसरा म्हणतो, "किट टाका आणि मोकळे व्हा." (किट म्हणजे नवी चेन, तिला ताणून धरणारा टेन्शनर आणि ती ज्यांवरून घसरते ते गाईड.) दोघांचंही तसं चूक नाही, पंचाईत तिथेच आहे.

ज्यांच्या इंजिनात चेनऐवजी बेल्ट असतो, त्यांना थांबण्याचा पर्याय नाहीच. बेल्ट सहसा न सांगता तुटतो. पुस्तिकेतले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलायचा. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही सोबत. चेन मात्र इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकते असं धरलेलं असतं. ते आयुष्य वेळेवर बदललेल्या ऑइलच्या हिशोबाचं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

थांबणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. ठणठणीत इंजिनाचं पुढचं कव्हर उघडलं की ते पुन्हा तितकंच घट्ट बसेल याची हमी नसते. नंतर तिथून ऑइल पाझरणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शिवाय मुंबई हायवेवरचे किलोमीटर वेगळे आणि द्वारका चौकातल्या कोंडीतले वेगळे. चौकात काटा हलत नाही, चेन मात्र फिरतच असते. ऑइल वेळेवर आणि बहुतेक धाव हायवेची असेल, तर थांबायला हरकत नसावी.

आणि चेन इशारा देते, हेही खरं. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तो दाब उतरतो, मग डिसेंबरच्या सकाळी चावी फिरवली की क्षणभर खडखड होते आणि थांबते. (आधी फिल्टर बदलून पाहा. स्वस्तातल्या फिल्टरमधून ऑइल रात्रीतून खाली उतरतं आणि अगदी असाच आवाज येतो.)

माझं घोडं अडलं ते नेमकं या इशाऱ्यावर. डिझेलच्या मूळच्याच खडखडाटात ही खडखड ओळखायची कशी? इंजेक्टरची टकटक, अल्टरनेटरची पुली, एसीचं सैल ब्रॅकेट, सगळे त्याच सुरात. कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की मी गाणी बंद, ब्लोअर बंद, काच खाली. बायको विचारायची, "आता काय ऐकताय?" सांगता यायचं नाही. खर्चाचं मी सोसलं असतं, पण गाडी चालवण्यापेक्षा ऐकतच जास्त बसायचं, हे नको झालं. किट टाकलं.

जुनी आणि नवी चेन मिस्त्रीने एकाच खिळ्याला लटकवली. जुनी किंचित खाली आलेली, आणि प्लॅस्टिकच्या गाईडवर दोन सरळ चर पडलेले. "अजून चालली असती," तो म्हणाला. असेलही. पण चेन दात सोडून उडाली तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भागच, उघडावं लागतं. टॅक्सीत सर्रास दिसणाऱ्या मारुतीच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात बऱ्याचदा रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारी छोटी दांडी) तुटण्यावर निभावतं, तरी त्यावर भिस्त ठेवू नये. मारुतीने डिझेल २०२० मध्येच थांबवलं, म्हणजे त्यांतली सर्वांत नवी गाडीही आता वयात आली.

शहरात चेन जास्त झिजते खरी, पण गाडी गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढीच, घराजवळच फिरत असेल, किंवा वर्षभरात विकायची असेल, तर थांबा. मीही थांबलो असतो. घाट, रात्रीचा प्रवास, घरची मंडळी सोबत असतील तर माझ्या मते आधीच उरकलेलं बरं. फक्त टेन्शनर बदलण्याचा मधला मार्ग मला पटत नाही. बहुतेक इंजिनांत उघडण्याची मजुरी तेवढीच लागते आणि झिजलेले गाईड आतच राहतात. किट घेताना गाईड लोकल घेऊ नका. सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवावा लागला, तर ऑइल ओढणारी जाळी साफ करून घ्या, कारण टेन्शनरपर्यंत ऑइल जातं ते तिच्यातूनच.