तारली: जाळ्यात की पाण्यात?

तारलीसारखी छोटी मासळी जाळ्यात आली की पैसा लगेच हातात. पण तिचा मोठा भाग ताटात येतच नाही. फिशमील, म्हणजे सुक्या मासळीची भुकटी, होऊन कोंबड्या-कोळंबीचं खाद्य बनतो. पाण्यात राहिली तर सुरमई, कुपा (ट्यूना) असे मोठे मासे तिच्यावर पोसतात, आणि तेही शेवटी बाजारातच येतात. २०१२ च्या एका जागतिक अंदाजात अशा छोट्या मासळीच्या थेट पकडीची किंमत वर्षाला ५.६ अब्ज डॉलर, तर ती खाऊन वाढणाऱ्या माशांच्या मासेमारीला मिळणाऱ्या आधाराची ११.३ अब्ज. दुप्पट! माझा कौल म्हणूनच पाण्याला, सरसकट बंदी मात्र नको.

शिवाय या हिशेबात पक्षी धरलेलेच नाहीत. छोटी मासळी कमाल साठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याखाली गेली, की समुद्रपक्ष्यांची वीण घटते, असं २०११ च्या अभ्यासात दिसलं. चोचीत आडवी तारली घेऊन येणारी आई रिकामी परतते, पिल्लू तोंड उघडून बसलेलं.