‘कासवांसाठी सुरक्षित’ म्हणून विकलेला चीक

आम्ही अमेरिकेत फीनिक्सला राहतो आणि अंगणात भीमा नावाचे आफ्रिकन सल्काटा जातीचे कासव पाळतो. (भारतातले तारा कासव घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे मायदेशातील वाचकांनी ध्यानात घ्यावे.) त्याच्या आवारात चरण्याजोगे निवडुंग लावावेत म्हणून गेल्या मार्चमध्ये मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ६५ डॉलरला नऊ रोपांचे खोके मागवले. जाहिरातीत ‘बिनकाट्याचे, कीटकनाशकाविना वाढवलेले, कासवांसाठी सुरक्षित’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि खोके उघडताच वर फड्या निवडुंगाची दोन रसरशीत पाने दिसल्यामुळे खालचा माल तपासून घ्यावा असे माझ्या मनातही आले नाही.

खाली तीन धारांच्या पाच फांद्या होत्या. त्या रोवल्या, आणि दुसऱ्याच सकाळी भीमाने त्यांतली एक तोडली. थोड्या वेळाने त्याच्या तोंडाला फेस आला, तो पुढच्या पायाने जबडा पुसू लागला आणि त्याचा मिटलेला डावा डोळा काही केल्या उघडेना. तुटलेल्या टोकातून दुधासारखा चीक ओघळत होता. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉलवर ती फांदी दाखवली, तेव्हा ती घाईने म्हणाली, “अगं, हा शेराच्या जातीतला दिसतोय. आधी हात धू, डोळ्याला लावू नकोस!”

आपण मराठीत दोन्हींना निवडुंगच म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, तर बांधावरचा तीनधारी निवडुंग आणि शेर हे युफोर्बिया वंशातले, ज्यांच्या चिकाने तोंडाची व डोळ्यांची आग होते. खऱ्या कॅक्टसचे काटे लहानशा लवदार उंचवट्यातून फुटतात. अशा धारदार युफोर्बियाचे काटे बहुधा जोडीने येतात. भिंगातून पाहिल्यावर फांदीच्या धारेवर ठरावीक अंतराने दोन-दोन बारीक व्रण शेजारी शेजारी दिसले. काटे मुद्दाम खुडले होते, ओळख पटू नये म्हणून. हे पाहिल्यावर नजरचुकीने काही झाले असेल ही माझी समजूत उरली नाही. ‘एचेवेरिया’ (कासवांना चालणारे मांसल पानांचे रोप) म्हणून दिलेली दोन रोपेही कलांचोची निघाली, म्हणजे आपल्या पानफुटीच्या वंशातली. त्यांतील विषारी द्रव्यांचा थेट हृदयावर परिणाम होतो.

डॉक्टरांनी तोंड व डोळा धुऊन दिला, २४० डॉलर खर्च झाला, आणि चार दिवस भीमाने गवताच्या काडीलाही तोंड लावले नाही. विक्रेत्याने कळवले की खोक्याच्या तळाशी ‘केवळ शोभेसाठी’ असे छापलेले आहे. ते खरोखरच होते, चिकटपट्टीच्या खाली.

कीटकनाशकाचा दावा तर डोळ्यांनी तपासताच येत नाही, कारण इमिडाक्लोप्रिडसारखे औषध मुळांतून पानापानांत भिनते आणि धुतल्याने जात नाही. म्हणून आता मी मेक्सिकन किराणा दुकानातून खाण्यासाठीच विकली जाणारी नोपालची, म्हणजे फड्या निवडुंगाची, पाने आणते आणि त्यांवरची बारीक कुसे गॅसच्या ज्योतीवर जाळून मगच भीमापुढे ठेवते.

पैसे परत मिळालेले नाहीत. तेच खोके, त्याच छायाचित्रासह, दुसऱ्या नावाने ७० डॉलरला पुन्हा विक्रीला आले आहे.