फोर-के व्हिडिओ अडकतोय: प्लेयर बदलायचा, कार्ड टाकायचं की बॉक्स घ्यायचा?

आमच्या हॉलमधल्या टीव्हीला एक जुना पीसी जोडलेला आहे, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एचडी पिक्चरना कधी तक्रार नव्हती. मग ताईच्या लग्नाचा फोर-के व्हिडिओ पेनड्राइव्हवर आला, सगळे बघायला बसले, आणि "शुभमंगल सावधान" ऐकू येऊन बँड वाजायला लागला तरी पडद्यावर अंतरपाट तसाच धरलेला, अक्षता पडल्या त्या चार-पाच सेकंदांनी आणि त्याही तुकड्या-तुकड्यात. आईला फार वाईट वाटलं. तुमच्याकडे असं होत असेल तर पैसे घालायच्या आधी हे वाचा, तिन्ही उपाय (व्हिडिओ प्लेयर बदलणं, ग्राफिक्स कार्ड टाकणं, टीव्हीला लावायचा स्ट्रीमिंग बॉक्स घेणं) खरे आहेत पण प्रत्येक उपाय वेगळ्या दुखण्यावरचा आहे.

पहिल्यांदा डीकोड, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडून चित्र बनवायचं काम, कोण करतंय ते बघा. व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) जा, तिथे व्हिडिओ डीकोड नावाचा आलेख असतो (एएमडीवर कधी व्हिडिओ कोडेक लिहिलेलं दिसतं). तो हलतोय आणि सीपीयू निवांत आहे म्हणजे चिप तिचं काम करतेय. तो शून्यावर आणि सीपीयू नव्वदच्या वर, म्हणजे प्रोसेसर एकटाच सगळं ओढतोय. सोबत मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून फाइलबद्दल तीन गोष्टी बघून ठेवा: कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) कोणता, ८ बिट की १० बिट (रंगांच्या छटा किती बारीक), आणि क्रोमा (रंगाची माहिती किती ठेवलीय) ४:२:० की ४:२:२.

आता ह्या तीन गोष्टी चिपशी ताडून बघा. एचईव्हीसी (एच.२६५) हे फोर-के साठी सर्रास वापरलं जाणारं कोडेक स्टँडर्ड २०१३ चं, इंटेलची चौथी जनरेशनही २०१३ चीच, त्यामुळे तिच्यात त्याचा पूर्ण हार्डवेअर डीकोडर नाहीच. सहाव्या जनरेशनमध्ये ८ बिट एचईव्हीसी आलं, सातव्यात १० बिट आणि व्हीपी९ (यूट्यूबवर चालणारा कोडेक) नीट आलं, त्याहून नव्या एव्ही१ कोडेकसाठी अकरावी लागते. तुमचा प्रोसेसर सातवा किंवा पुढचा असेल, फाइल एचईव्हीसी १० बिट ४:२:० असेल आणि तरी अडकत असेल, तर काहीही विकत घेऊ नका, भानगड सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे.

अशा वेळी प्लेयर बदलणं हा फुकटातला उपाय. व्हीएलसी सगळ्यांकडे असतो आणि काहीही उघडतो, पण हार्डवेअरने जमलं नाही तर गुपचूप सॉफ्टवेअरवर जातो आणि आपल्याला कळत नाही. प्रेफरन्सेसमधल्या इनपुट-कोडेक्समध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद तर नाही ना ते बघा. एमपीव्ही हलका आहे म्हणून लोक टाकतात, पण त्यात हार्डवेअर डीकोडिंग मुळात बंद असतं, कंट्रोल आणि एच दाबून चालू करावं लागतं, आय दाबलं की कोण डीकोड करतंय आणि किती फ्रेम गळल्या ते स्क्रीनवर येतं. मला टीव्हीसाठी कोडी हा प्लेयर जास्त आवडतो, रिमोटने चालतो आणि ओ दाबलं की डीकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू (म्हणजे हार्डवेअर) दिसतं किंवा दिसत नाही, विषय संपला.

कोडीचा अजून एक मोठा फायदा म्हणजे रिफ्रेश रेट (टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) आपोआप बदलायची सेटिंग. पुष्कळदा डीकोडरवर नाहक आळ येतो. एकही फ्रेम गळलेली नसते, पण पिक्चर २३.९७६ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर, मग एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते आणि कॅमेरा आडवा फिरला की झटके बसतात. आपल्याकडचे बरेच लग्नवाले २५ फ्रेमवर शूट करतात, त्याला टीव्ही ५० हर्ट्झवर हवा. हे नवीन कार्ड घेऊनही जाणार नाही!

हिरवे पट्टे किंवा चौकोन दिसत असतील तर एकदा हार्डवेअर डीकोडिंग बंद करून बघा. गेले तर ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका, नाही गेले तर फाइलच परत कॉपी करून आणा.

चिपमध्ये डीकोडरच नसेल तर मात्र कार्ड किंवा बॉक्स. जुन्या पीसीसाठी एनव्हिडियाचं जीटी १०३० अजूनही कामाचं आहे, ३० वॅटचं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, छोट्या कॅबिनेटमध्ये बसेल असं लो प्रोफाइल मिळतं, १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही करतं. घेताना जीडीडीआर५ मेमरीचं घ्या. स्वस्त म्हणून जीटी ७१० किंवा ७३० पुढे केलं तर घेऊ नका, त्यांच्यात एचईव्हीसी नाही आणि फोर-के ३० हर्ट्झवरच मिळतं. एव्ही१ हवं असेल तर १०३० नको आणि एएमडीचं आरएक्स ६४०० पण नको, दोन्हीत ते नाही. इंटेलच्या आर्क कार्डात आहे, पण त्यांना नीट चालायला मदरबोर्डवर रीसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि आमच्यासारख्या जुन्या बोर्डात तो सहसा नसतो.

ज्यांच्या घरी मुख्यतः ओटीटी चालतं त्यांनी सरळ बॉक्स घ्यावा असं माझं मत आहे. पीसीवर नेटफ्लिक्सचं फोर-के मिळवायला ठराविक ब्राउझर किंवा अ‍ॅप, एचईव्हीसीचं एक्स्टेंशन, एचडीसीपी २.२ (केबलवरून कॉपी होऊ न देणारं संरक्षण) असं सगळं जुळवत बसावं लागतं. फक्त पाकिटावर फोर-के लिहिलंय म्हणजे एव्ही१ आलं असं समजू नका, २०२० च्या क्रोमकास्ट विथ गूगल टीव्हीच्या फोर-के मॉडेलमध्ये ते नाही, २०२१ च्या फायर टीव्ही स्टिक फोर-के मॅक्समध्ये आहे. आणि स्वतःच्या पेनड्राइव्ह-हार्डडिस्कवर भरपूर माल असेल तर स्टिक लवकरच अपुरी पडते.

आमची फाइल एचईव्हीसी १० बिट ४:२:० निघाली, म्हणून १०३० टाकलं. आता व्हिडिओ डीकोडचा आलेख हलतो, सीपीयू दहाच्या आसपास, अंतरपाट वेळेवर बाजूला होतो. पण शूटिंगवाल्याकडून कच्चं फुटेजही घेतलं होतं ते ४:२:२ निघालं, आणि ते ह्या कार्डावरही अडकतं, कारण एनव्हिडियाने एचईव्हीसी ४:२:२ चा डीकोडर आरटीएक्स ५० सिरीजमध्ये आणला, इंटेलमध्ये तो अकराव्या जनरेशनला आहे. त्यासाठी नवा पीसी घेण्यापेक्षा शूटिंगवाल्याला फोन करून "४:२:० मध्ये एक्सपोर्ट करून द्या" एवढंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी मिळालं. हळदीचा भाग आईने त्याच संध्याकाळी दोनदा बघितला.