बॉक्स त्याच मॉडेलचा होता, त्या फोनचा नव्हता

मुलीला विश्रामबागच्या कॉलेजात अकरावीला ॲडमिशन मिळाली. मिरजेहून रोजचं जाणं-येणं, तेव्हा तिच्याजवळ फोन हवाच होता. नवा घ्यायला पैसे नव्हते. ओळखीतल्या ओळखीतून एक पोरगा भेटला. साडेअकरा हजार सांगत होता, साडेनऊला सौदा ठरला.

सांगलीच्या स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर व्यवहार झाला. मी स्क्रीन पाहिली, कॅमेरा पाहिला, माझं सिम घालून घरी फोनही लावला. बॉक्स बघून तर निर्धास्तच झालो. बिल मागितलं, तर "घर बदलताना हरवलं, काका." पैसे रोखच हवे होते. त्याच्या आधारचा फोटो मागायचं मनात आलं होतं, पण संकोच वाटला.

पाचव्या दिवशी नेटवर्क गेलं. वायफायवर सगळं चालायचं, पण दोन्ही सिमना रेंज नाही. मोबाईलच्या दुकानात नेला. दुकानदारानं *#०६# दाबलं. १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनची वेगळी ओळख असणारे आकडे आले, दोन सिमचे दोन. बॉक्सवरच्या स्टिकरशी त्यातला एकही जुळेना. मग त्यानं इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज फोन तपासायच्या सरकारी नंबरवर, १४४२२ ला पाठवला. उत्तर आलं, ब्लॅकलिस्टेड, म्हणजे चोरीचा किंवा हरवलेला म्हणून बंद केलेला.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून मुलीच्या नंबरवर फोन आला. चोरीच्या हँडसेटमध्ये तिचं सिम दिसलं होतं. सोळा वर्षांची पोर, भीतीनं रात्री जेवली नाही. मी फोन जमा केला, जबाब दिला. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता.

फोनचा खरा मालक तिथंच भेटला, कुपवाड एमआयडीसीतला कामगार. हप्ते अजून फेडतोय. फोन ब्लॉक करायला आधी पोलीस तक्रार लागते, शिवाय ओटीपीसाठी हरवलेल्या नंबरचं डुप्लिकेट सिम. त्यात त्याचे काही दिवस गेले आणि नेमका त्याच दिवसांत मी तो फोन विकत घेतला. म्हणजे चहाच्या गाड्यावर मी १४४२२ ला विचारलं असतं, तरी कदाचित फोन ठीकच दिसला असता. हे मुद्दाम सांगतोय, कारण एक मेसेज केला की झालं असं समजू नका. मेसेज कराच. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं काही आलं तर तिथूनच परत फिरा. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हे तपासता येतं. पण उत्तर चांगलं आलं तरी स्वतः *#०६# दाबून आलेले आकडे बॉक्सशी आणि बिलाशी एकेक करून जुळवा. बिलावरचं नाव आणि समोरच्याचं आधार एकच आहे का बघा. त्याचं गुगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, आणि पैसे खात्यावर पाठवा म्हणजे नोंद राहते.

त्या स्टिकरवरचे आकडे जुळवायला मला एक मिनिट लागलं असतं. बॉक्स माझ्या हातातच होता.